भर उन्हात केलेलं पॉलिश

माझ्या सासूबाईंचा उन्हावर जितका विश्वास होता, तितका डॉक्टरांवरही नव्हता. गाद्यांना ऊन, लोणच्याच्या बरणीला ऊन, दमट काडेपेटीला ऊन, सर्दी झालेल्या माणसाच्या पाठीला ऊन. घरात कशाचंही काही बिघडलं, की त्या आधी ते उचलून अंगणात नेऊन ठेवायच्या आणि मग विचार करायच्या. मे महिन्यात तर आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. एका जुन्या साडीवर पापड, दुसरीवर कुरडया, सुपात आंबोशी, दोरीवर बोंबील, आणि कावळे हाकलायला हातात काठी घेऊन ओट्यावर बसलेली मी.

हे सगळं मी लग्नानंतर शिकले. माझं माहेर विरार पूर्वेला, चंदनसारला, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तिथे पापड दुकानातून पाकिटात यायचे आणि ऊन फक्त बाल्कनीत कपडे वाळवायच्या कामाचं. वसईजवळच्या होळी गावात मी सून म्हणून आले, तेव्हा वांग्याचं रोप कुठलं आणि मिरचीचं कुठलं हेही मला कळत नव्हतं. विचारायची लाज वाटायची. मला एखादी गोष्ट येत नाही, हे दुसऱ्याने सांगितलेलं मला सहनच होत नाही. नाकावर राग म्हणतात, तो माझ्या नाकावर जन्मापासून मुक्कामाला आहे.

सासऱ्यांना घरात सगळे दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणायला लागले. दादांचा मळा होता. वांगी, तोंडली, दुधी, आणि विहिरीपाशी मोगऱ्याचे दोन वाफे. तेवढ्यावर त्यांनी घर उभं केलं, मुलाला शिकवलं, त्याला मुंबईत नोकरी लागलेली पाहिली. बोलणं अगदी मोजकं. दिवसभरात माझ्याशी चारपाच वाक्यं बोलत, त्यातली दोन चहाबद्दल असत. आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी या माणसाने गाडी घेतली.

गाडी नवी नव्हती. वसईतले एक डॉक्टर गाव सोडून चालले होते, त्यांची वापरलेली. रंग आमसुली, काळपट तांबडा. दादा त्यासाठी ड्रायव्हिंगच्या क्लासला गेले, कॉलेजातल्या पोरांच्या शेजारी बसून शिकले, आणि लायसन मिळाल्यावर गाडी कुठे नेली म्हणाल, तर देवळापर्यंत आणि परत. एरवी ती अंगणाच्या कडेला आंब्याखाली उभी असे. मळ्यात जाण्याआधी ते तिच्यावरची वाळकी पानं एकेक करून हाताने वेचत. कोणाला फडका मारू देत नसत. "धूळ हाय, घासली की वरखडा पडतो," एवढंच म्हणत. माझा नवरा म्हणायचा, लहानपणी आमचं तोंडसुद्धा दादांनी एवढ्या मायेने पुसलं नाही.

गाडी का घेतली हे घरात कोणी बोलत नसे, पण मला ठाऊक होतं. ती माझ्या वडिलांमुळे घेतली होती.

आमचं लग्न आम्ही ठरवलेलं. पप्पा सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. रत्नागिरीकडच्या खेड्यातून आलेले, चाळीत राहिलेले, मग चंदनसारला फ्लॅट घेतलेला. मुलांच्या पायाला चिखल लागू नये ही त्यांची आयुष्यभराची धडपड. मी मुलाचं घर मळ्यातलं आहे असं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मातीतून वर यायला मला तीस वर्षं लागली आणि तू परत मातीत चाललीस." घर बघायला म्हणून होळी गावात आले, तेव्हा त्यांनी दादांना विचारलं, "मग इथे येण्याजाण्याची सोय काय?" दादा म्हणाले, "येश्टी हाय." पप्पा नुसते हसले. ते हसू मला आवडलं नव्हतंच, पण ते दादांनीही नीट पाहिलं होतं हे मला पुढे आंब्याखाली गाडी उभी राहिली तेव्हा कळलं.

लग्न झालं. पप्पा लग्नात पाहुण्यासारखे वावरले. पहिल्या दिवाळीला आम्हाला बोलावलं, आणि ताटावर बसल्यावर त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. मी आदल्या दिवशी तोंडलीच्या वेलीला हात लावला होता, नखं काळी झाली होती. "काय हात झालेत हे," पप्पा म्हणाले. झालं. मी भरल्या ताटावरून उठले, नवऱ्याला मागे टाकून एकटी स्टेशनला आले आणि संध्याकाळी होळीला परतले. दादा अंगणात होते. त्यांनी माझं तोंड बघितलं. सासूबाईंना म्हणाले, "पोरीला पानी दे." त्यानंतर सहा महिने मी माहेरचा उंबरा ओलांडला नाही. मम्मीचा फोन यायचा, पप्पा फोनवर येत नसत, आणि मी "पप्पा कसे आहेत" असं विचारत नसे. आम्ही दोघं एकाच मातीचे, दुसऱ्याने आधी वाकावं म्हणून वाट बघणारे. रात्री मात्र मला आठवण यायची, तेव्हा मी उशीत तोंड खुपसून रडायचे आणि सकाळी पुन्हा राग चढवायचे.

त्या वर्षी अधिक महिना ऐन मे महिन्यात आला. आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, जावयाला बोलावून गोडाचं जेवण घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. मम्मीचा फोन आला. बोलता बोलता ती थांबली, आणि मग चक्क पप्पांचा आवाज आला. "रविवारी या सगळे. व्याह्यांना माझा नमस्कार सांग, त्यांनाही घेऊन या." एवढंच.  मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर ओट्यावर बसून खूप वेळ नुसतीच हसत राहिले.

दादांना निरोप सांगितला. ते म्हणाले, "गाडीनं जाऊ." मग मळ्याकडे चालू लागले, चार पावलं जाऊन परत वळले आणि म्हणाले, "व्याह्यांकडं नीट जायला पायजे." दुसऱ्या दिवशी वसईहून येताना त्यांनी गाडीच्या पॉलिशचा एक छोटा चपटा डबा आणला आणि तो फळीवर, देवाच्या तेलाच्या बाटलीशेजारी ठेवून दिला.

तो डबा मला दिसत होता. रविवारची ती भेट नीट व्हावी म्हणून त्या दिवसांत मी काय केलं नसतं! पप्पांनी खाली येऊन गाडी बघावी, ती चकचकीत असावी, तिच्यातून मी उतरावं, आणि पप्पांनी मनात म्हणावं की पोरगी सुखात आहे. इतकंच मला हवं होतं. दादांनाही तेच हवं होतं, फक्त ते बोलून दाखवणारे नव्हते.

शनिवारी सकाळी दादा लग्नाच्या ऑर्डरचा मोगरा पोचवायला गेले. नवरा ऑफिसला. मी डबा खाली काढला. दादा दमून येतील, त्याआधी आपणच गाडी चमकवून ठेवू, त्यांना केवढा आनंद होईल, असा माझा थोर विचार. डब्यावर इंग्रजीत सूचना होत्या. सूचनांच्या पहिल्या तीन ओळी मी वाचते, आणि उरलेलं मला आधीच कळलेलं असतं. फडक्याने लावा, वाळू द्या, पुसून घ्या. यात काय अवघड आहे?

"वाळू द्यायचं म्हणतात," मी सासूबाईंना सांगितलं.

"मंग हितं सावलीत कसं वाळनार?" त्या म्हणाल्या. "उन्हात आन."

त्या म्हणेपर्यंत मला ते सुचलं नव्हतं, पण म्हटल्यावर इतकं बरोबर वाटलं, की मला माझीच कीव आली. अंगणात सगळं जग उन्हात वाळत होतं आणि मी गाडी सावलीत घेऊन बसले होते. सासूबाईंनी त्या दिवशी जे केलं ते त्यांनी कोणासाठीच केलं नसतं. त्यांनी कुरडयांची साडी दोन्ही टोकांनी उचलली, ती विहिरीच्या कट्ट्यावर नेऊन पसरली, आणि अंगणाच्या मधोमध, सगळ्यात कडक ऊन पडतं ती जागा गाडीला दिली. मी हँडब्रेक सोडला. दोघींनी ढकलत ढकलत गाडी आंब्याखालून बाहेर आणली. दुपारचे बारा वाजायला आले होते.

मग आम्ही लावलं. मी टपावर आणि दारांना, सासूबाई बॉनेटला. त्यांनी अंगण सारवतात तसं हाताच्या पंजाने, गोल गोल, एकावर एक थर देत लावलं. पत्रा इतका तापला होता की हात टेकवत नव्हता. "तापलाय तेच बरं," त्या म्हणाल्या. सगळी गाडी पांढरी झाली. मी लगेच पुसायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "चांगलं कडकडीत वाळू दे. अर्धवट वाळलं की बुरशी येते."

आम्ही तासभर थांबलो. पापड उलटले, भात जेवलो, मी एक कावळा हाकलला. एरवी मला राग यावा असं त्या दिवशी काहीच घडत नव्हतं, आणि मी गुणगुणत होते.

परत येऊन फडका फिरवला, तर फडका नुसताच सरकला. खालचं पांढरं तसंच. जोर लावला, तरी तसंच. कुठे कुठे पापुद्रा निघाला आणि त्याच्या कडेने चट्टे उठले, कुठे चिकट ओघळ तयार झाले होते, ते पत्र्याशी एकजीव झाले होते. मी ओलं फडकं घेतलं. मग सासूबाईंनी चुलीवरचं गरम पाणी आणलं. त्यानेही होईना, तेव्हा माझं डोकं फिरलं. भांडी घासायचा काथ्या घेतला आणि बॉनेटवर चालवला. पांढरं थोडं निघालं. त्याखाली बारीक बारीक ओरखड्यांचं जाळं दिसलं. मी काथ्या टाकून दिला आणि तिथेच, तापल्या जमिनीवर बसले.

दादा तीनच्या सुमाराला सायकलवरून आले. अंगणात पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी गाडी बघितली. सासूबाई घरात निघून गेल्या, त्यांना नेमका तेव्हाच गॅस बंद करायचा होता. मी उभी राहिले. दादांनी सायकल झाडाला टेकवली, बॉनेटवर तळवा ठेवला आणि लगेच उचलला.

"हितं कोनी आनली?"

"मी."

ते गाडीच्या मागे गेले आणि ढकलायला लागले. मीही हात लावला. गाडी परत आंब्याखाली गेली. त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि बाजेवर बसले. 

"ओरडा तरी," मी म्हणाले. माझाच आवाज चढला होता. चूक माझी, आणि ओरडत होते मीच.

"ओरडून पत्रा थंड होनार हाय?" दादा म्हणाले. "बस."

मी विहिरीवरून पाणी आणून गाडीवर ओतते म्हटलं, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. तापल्यावर गार पाणी नको. उन्हं कलायला लागेपर्यंत त्यांनी गाडीला हात लावला नाही. मध्ये दोनदा उठून फक्त तळवा ठेवून बघितला, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. तिसऱ्यांदा तळवा ठेवला तो तिथेच राहिला. मग म्हणाले, "आता डबा आन."

डब्यात तळाला थोडंसं उरलं होतं. त्यांनी मऊ धोतराचा तुकडा घेतला, बोटभर पॉलिश घेतलं, दारावर तळहाताएवढ्या जागेवर चोळलं आणि वाळू न देता लगेच पुसलं. जुनं पांढरं नव्याबरोबर सुटून आलं. खालून आमसुली रंग चमकला. मी बघतच राहिले.

"रोपं कधी लावतो आपन?" पुढच्या तुकड्याकडे सरकत त्यांनी विचारलं.

"संध्याकाळी."

"का?"

"उन्हात लावली तर मूळ धरायच्या आधीच सुकतात." एव्हाना मला एवढं येत होतं.

"ह्याचं पन तसंच. ह्याला पत्र्यावर बसायला वेळ लागतो. ऊन त्याच्यातला ओलावा आधीच पिऊन टाकतं. मंग नुसती खपली राहते."

इतकी वाक्यं ते माझ्याशी एका दमात कधी बोलले नव्हते. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"डबा देनाऱ्यानं सांगितलं होतं. मी आज सांजच्यालाच लावनार होतो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलं नाय."

 दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघं एकेक तळहात पुढे सरकत होतो. दारं स्वच्छ निघाली, टप स्वच्छ निघाला. बॉनेट निघालं नाही. डबा संपला होता, आणि पांढरे डाग गेले असते तरी काथ्याचे ओरखडे जाणार नव्हते. गाडीचं तोंडच खराब झालं होतं. समोरून बघणाऱ्याला आधी तेच दिसणार.

"उद्या एसटीने जाऊ या," मी म्हणाले. 

"का? गाडी चालते की."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. पुढे दादा आणि माझा नवरा, मागे सासूबाई आणि मी. सासूबाईंनी मांडीवर मोगऱ्याचा पुडा आणि तोंडलीची पिशवी घेतली होती. कालच्या प्रकरणावर त्या एकच वाक्य बोलल्या होत्या, "बुरशी तर आली नाय ना?" आणि त्यावर माझा नवरा हसला म्हणून मी त्याच्याशी बोलत नव्हते. दादा इतके हळू चालवत की सायकली पुढे जात. रुळांच्या पलीकडे पूर्वेला गेल्यावर तुळिंजच्या बाजारात गाडी गर्दीत अडकली. एका भाजीवाल्याने बॉनेटकडे बघून विचारलं, "काय काका, चुना सांडला काय?" दादा म्हणाले, "हां." मला काच खाली करून त्याला चार शब्द सुनवायचे होते, पण सासूबाईंनी माझ्या मांडीवर पिशवी ठेवली.

चंदनसार जवळ यायला लागलं तसा मी पदर नीट केला. सोसायटीच्या गेटशी पप्पा उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चपला नाहीत तर बूट. म्हणजे त्यांनीही तयारी केली होती. वरच्या बाल्कन्यांमधून शेजारीपाजारी बघत होते. गाडी थांबली. पप्पा पुढे आले, हात जोडले, आणि त्यांची नजर बॉनेटवर गेली.

पप्पांकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती. पण ऑफिसातल्या साहेबांच्या गाड्यांच्या फायली त्यांच्या टेबलावर असत, आणि त्यामुळे गाड्यांमधलं आपल्याला सगळं कळतं असं ते समजत. ते वाकले. चष्मा वर केला. डागांवरून बोट फिरवलं.

"हे उन्हात पॉलिश केलेलं दिसतंय. भर उन्हात. हे असं कोणी केलं?"

त्या आवाजात तोच दिवाळीचा सूर होता. मला कानशिलं तापलेली जाणवली. मी तोंड उघडलं. मी काय बोलले असते ते मला आजही माहीत आहे. मी म्हणाले असते, मी केलं, काय म्हणणं आहे? आणि मग सगळंच निघालं असतं, नखं, माती, एसटी, ते हसू, सगळं.

"मीच केलं," दादा म्हणाले. "काल दुपारी. आमाला काय त्यातलं कळतं?"

मी दादांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते पप्पांसमोर, वरच्या सगळ्या बाल्कन्यांसमोर, हात मागे बांधून उभे होते, आणि चेहरा अगदी साधा होता.

पप्पांचा चेहरा उजळला. दुसरा शब्द नाही त्याला. "अहो व्याही, उन्हात कधी करायचं नसतं!" त्यांनी सुरुवात केली, आणि मग ते दहा मिनिटं थांबले नाहीत. पत्रा तापलेला असतो. पॉलिशमधला पातळ भाग क्षणात उडून जातो. मेण तेवढं कडक होऊन चिकटतं. मग माणूस जोर लावून घासतो, त्यात धुळीचे कण असतात, ते रंगाला ओरबाडतात. गाडी आधी धुवायची, सावलीत उभी करायची, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. एकदम सगळीकडे लावायचं नाही. थोड्या भागाला पातळ हात, पुसायचं, मग पुढचा भाग.

"असं होय?" दादा म्हणत होते. "हां. हां. सावलीत." काल संध्याकाळी मला जे शिकवलं, तेच सगळं ते पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे मान हलवत होते. आणि शेवटी त्यांनी विचारलं, "मंग आता काय करायचं हो?"

हा प्रश्न ऐकून पप्पा जसे फुलले, तसं मी त्यांना वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. "काही काळजी करू नका," ते म्हणाले आणि त्यांनी चक्क दादांच्या खांद्यावर हात ठेवला. "जेवण होऊ द्या. मग बघतो मी."

जेवताना ते दादांच्या शेजारी बसले. मम्मीने धोंडे वाढले, वाण दिलं, आणि पप्पांनी दादांना तोंडलीच्या वेलीबद्दल विचारलं. मांडव किती उंच असतो, पाणी किती वेळा. त्यांच्या गावी घरामागच्या परड्यात पडवळाचा मांडव असायचा, असं ते म्हणाले. ही गोष्ट मी जन्मात कधी ऐकली नव्हती. मग माझ्याकडे न बघता त्यांनी मम्मीला सांगितलं, "तिला अजून एक वाढ. तिला आवडतात." मी मान खाली घालून तो धोंडा खाल्ला. 

चार वाजता बिल्डिंगची सावली कंपाउंडमध्ये उतरली. पप्पा कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून डबा घेऊन आले, इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवर खाली गेले. मम्मी आणि मी बाल्कनीतून बघत होतो. पप्पा बॉनेटवर हात फिरवून पत्रा गार झाला का ते बघत होते आणि दादांना बोटाने जागा दाखवत होते. दादा पुसत होते. मध्येच पप्पांनी त्यांच्या हातातून फडका घेतला, असं नाही असं, म्हणून दाखवलं. दादांनी पुन्हा मान हलवली. ओरखडे राहिले, पण डाग बरेच गेले. पप्पांचे हात काळे झाले होते, नखांपर्यंत.

निघताना पप्पांनी गाडीच्या खिडकीतून आत डोकं घातलं आणि मला म्हणाले, "पुढच्या महिन्यात ये. राहायला ये चार दिवस." मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, शाळेत जाताना मारायचे तशी.

परतताना सासूबाईंचा डोळा लागला. नवराही पेंगत होता. तुळिंज मागे पडलं तेव्हा माझ्याच्याने राहवेना. मी पुढे वाकले.

"दादा, तुम्हाला सगळं येत होतं. मग त्यांच्यासमोर अडाणी कशाला झालात? तुम्ही गाडी कशासाठी घेतलीत ते मला माहीत नाही का?"

दादांनी एक रिक्षा पुढे जाऊ दिली. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले,

"व्याही मला हसला, तर मी उद्या सकाळी मळ्यात जानार. तुला हसला असता, तर तू परत ताटावरून उठून आली असतीस. माजं काय? गाडी अजून एक मिळंल. तुला माहेर एकच हाय."

मी मागे टेकून बसले.  सासूबाई जाग्या होऊ नयेत म्हणून मी पदर तोंडात धरला आणि घर येईपर्यंत रडत राहिले.